कार्बोरेटरची जवारी

मराठी माणसाने मोटारसायकलला 'फटफटी' म्हटले, त्याच दिवशी तिच्या समीक्षेची दिशा ठरून गेली. साहेबाने तिच्यातली मोटर पाहिली, सायकल पाहिली, दोन शब्द एकापुढे एक ठेवले आणि तो मोकळा झाला. आपण पाहिले काहीच नाही. आपण ऐकले, आणि तेही मागच्या बाजूने. एखाद्या गृहस्थाचे नाव त्याच्या ढेकरावरून पाडावे, तसला हा प्रकार. बरे, नाव एकदा पडले की जग त्या नावानेच न्याय करू लागते. ज्या वाहनाचे बारसेच ढेकरावरून झाले, त्याने घास नीट चावला की नाही, याची चौकशी कोण करणार? ढेकर मोठा आला ना, मग जेवण उत्तमच झाले असणार, असे समजून यजमान खूश!

आता हा घास म्हणजे कार्बोरेटरचे खाते आणि ढेकर म्हणजे सायलेन्सरचे. दुसऱ्या खात्यावर आपल्याकडे उदंड पैसा खर्च होतो आणि पहिल्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, अशी माझी तक्रार आहे. ती पद्धतशीर मांडावी म्हणून हे परीक्षण.

परीक्षण कशाला, असे कोणी विचारील. का बरे? आपल्याकडे नाटकाचे परीक्षण येते, पुस्तकाचे येते, एखाद्या हॉटेलातल्या मिसळीचेही तर्रीपासून लिंबाच्या फोडीपर्यंत रसग्रहण येते. मग गल्लोगल्ली रोज होणाऱ्या या वाद्यवादनानेच काय घोडे मारले आहे? आमच्या इमारतीपुरते बोलायचे, तर कलाकार आमच्या वरच्या मजल्यावरचे चिरंजीव आणि वाद्य राजदूत ३५०. कार्यक्रम विनामूल्य असतो, त्यामुळे पैसे परत मागायची सोय नाही. आणि आपल्याच घरात बसून ऐकायचा असतो, त्यामुळे उठून जायचीही सोय नाही. इतक्या बांधलेल्या श्रोत्याला निदान परीक्षण लिहायची तरी मुभा असावी.

आधी वाद्याविषयी. राजदूत ३५० ही मूळची जपानची लेक. यामाहाची आरडी ३५० ही गाडी जगाच्या बाजारात १९७३ साली आली. तिची पुढची आवृत्ती एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली आपल्याकडे आणली आणि तिला राजदूत हे घरचे आडनाव दिले. त्याच वर्षी सुभाष घईंच्या 'हीरो' चित्रपटात जॅकी श्रॉफ तिच्यावर बसून पडद्यावर आले आणि देशातल्या समस्त तरुणांना आपल्या वडिलांची स्कूटर एकाएकी दरिद्री वाटू लागली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर आणि साडेतीस अश्वशक्ती. त्या काळात साडेतीनशेची बुलेटसुद्धा अठरा घोड्यांवर सुखाने संसार करीत होती, म्हणजे पाहा!

पण घोडे तीस म्हटल्यावर चाराही तीस घोड्यांचा. मध्यमवर्गीय माणूस गाडीपुढे उभा राहून पहिला प्रश्न विचारतो तो "ॲव्हरेज किती देते हो?" आणि या प्रश्नाचे उत्तर राजदूतवाले खालच्या आवाजात देत. पुढे कंपनीने २७ अश्वशक्तीची जरा समंजस आवृत्ती काढून पाहिली, पण पेट्रोलचा हिशेब डायरीत लिहून ठेवणाऱ्या समाजात तिचे बस्तान बसले नाही. काही वर्षांतच ती बंद झाली आणि, आपल्याकडे रीतच आहे, बंद झाल्याबरोबर थोर ठरली.

चिरंजीव तिला 'व्हिंटेज' म्हणतात. वास्तविक केंद्र सरकारने २०२१ साली नियम करून ठेवला आहे की व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडीची पन्नाशी उलटलेली हवी आणि रूप मूळचेच हवे. त्या हिशेबाने १९८३ ची राजदूत अजून त्या मानाला पोचलेली नाही. तोवर ती नुसतीच जुनी. पण एकसष्टीच्या आधीच सत्काराची वर्गणी गोळा करणारे लोक आपण पाहतोच. त्यातलाच हा प्रकार समजून पुढे जाऊ.

या वाद्याचे खरे वैशिष्ट्य असे, की सिलिंडर दोन म्हणून कार्बोरेटरही दोन. आणि इथेच मला तंबोऱ्यांची आठवण होते. मोठ्या गवयाच्या मागे तंबोरे दोन असतात. श्रोत्यांचे लक्ष गवयाच्या तानेकडे. तंबोऱ्यामागे बसलेल्या शिष्यांकडे फार तर त्यांच्या आईवडिलांचे. पण ते दोन तंबोरे एकमेकांशी जुळलेले नसतील, तर पुढे बसलेला गवई कितीही थोर असो, त्याचे गाणे पोरके होते. म्हणून मिरजेत तंबोरे घडवणारी माणसे घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवीत बसतात. या धाग्याला ते 'जीव' म्हणतात. तो जीव केसभर इकडेतिकडे सरकला, की तार नुसती टणटणते किंवा मुकी होते. बरोबर जागी आला, की तिच्यातून गुंजन निघू लागते. याला जवारी लागणे म्हणतात. खुंटी पिळून सूर जवळपास येतो, मणका सरकवून नेमका येतो आणि जवारीने तो जिवंत होतो.

कार्बोरेटरचेही डिट्टो असेच आहे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला भरवणे हे त्याचे काम. एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा, वजनाने, हे ज्वलनाचे पुस्तकी प्रमाण. पण इंजिन काही पुस्तक वाचून चालत नाही. मूठ सोडलेली असताना एक बारीकसे पायलट जेट घास भरवते. मूठ थोडी पिळली की स्लाइडच्या तळाच्या कापाचा अंमल सुरू होतो. मधल्या पट्टीत निमुळती सुई कारभार पाहते आणि पूर्ण पिळली की मोठे जेट. मंद्र, मध्य, तार अशी सप्तके वेगळी आणि प्रत्येक सप्तकाचा सांभाळ करणारा वेगळा. आणि हे सगळे दोन जागी, अगदी सारखे. उजव्या कार्बोरेटरने "सा" म्हटला आणि डावा अजून "नी" वरच रेंगाळला, तर गाडी चालते, नाही असे नाही. पण सासू-सुनेने एकच पोळपाट दोन बाजूंनी धरून ओढावा, तशी चालते.

आता सायलेन्सर. चिरंजीवांनी मूळचे सायलेन्सर काढून बाहेरचे बसवले, त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. मूळचे गंजून त्यांची चाळणी झाली होती आणि तसे नवे आणायचे कुठून? जी गाडी निघायची बंद होऊन तीसहून अधिक वर्षे झाली, तिचे भाग म्हणजे आजीच्या नथीचा मोती. हरवला तर दुसरा त्याच पाण्याचा मिळत नाही. 'सगळे मूळचेच हवे' असा हट्ट धरणारा एक शुद्धिवादी पंथ आहे. त्या पंथाच्या गाड्या फार सुंदर असतात. त्या दिवाणखान्यात उभ्या असतात आणि त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून पलंगपोस घालतात. ज्याला गाडी चालवायची आहे, त्याला कधीतरी बाहेरचा भाग लावावाच लागतो. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. सायलेन्सर बसला, आवाज घुमला, आणि चिरंजीव म्हणाले, "झालं काम!"

वास्तविक काम तिथे सुरू व्हायला हवे होते. सायलेन्सर म्हणजे आवाजावर घातलेले झाकण, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. टू-स्ट्रोक इंजिनात तर तो निम्मा श्वास आहे. या इंजिनाला झडपांची शिस्त नाही. जळका धूर बाहेर पडत असतो त्याच क्षणी ताजे मिश्रण आत शिरत असते. एकाच दारातून वऱ्हाड निघते आहे आणि त्याच वेळी पाहुणे येताहेत, असा गोंधळ. अशा वेळी काही ताजे मिश्रणही धुराच्या मागोमाग बाहेर सटकते. सायलेन्सरच्या नळीचे पोट आधी फुगत जाते आणि मग निमुळते होते, ते शोभेसाठी नसते. फुगत्या भागातून उलट येणारी लाट धूर ओढून घेते. निमुळत्या भागावर आपटून आलेली लाट सटकलेल्या ताज्या मिश्रणाला मानगूट धरून परत सिलिंडरात ढकलते. लांबी आणि घेर बरोबर असतील, तर ही लाट दार बंद व्हायच्या नेमकी आधी पोचते. हुकली, तर हुकली.

या नळीच्या आकारापायी इतिहास घडला आहे, असे सांगितले तर खरे वाटणार नाही. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. लाटांचा हा खेळ त्याने असा काही साधला, की १९६१ साली त्याच्या अवघ्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरात स्वीडनच्या शर्यतीला गेलेला एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर परत मायदेशी गेलाच नाही. त्याच सुमारास त्याची बायकामुले मोटारीच्या डिकीत लपून पश्चिमेला आली. डेग्नर काडेनची विद्या घेऊन थेट जपानला, सुझुकीकडे गेला आणि १९६२ साली ५० सीसीची जागतिक स्पर्धा सुझुकीच्या गाडीवर जिंकला. काडेन मागे पूर्वेतच राहिला. एका नळीच्या वळणासाठी एक माणूस देश सोडतो, आणि आपले चिरंजीव तीच नळी, "जरा बेस हवा होता, काका," म्हणून विकत आणतात!

आता या क्षेत्रातल्या घराण्यांचा थोडक्यात परिचय. पहिले कापू घराणे. यांचे मुख्य वाद्य हॅकसॉ. सायलेन्सरची शेपटी कापली किंवा आतली जाळी ओढून काढली, की यांची तालीम संपली. बुलेटवाल्यांत या घराण्याची एक उपशाखा आहे. ते धावत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करतात, म्हणजे न जळलेले मिश्रण तापलेल्या नळीत जाऊन फुटते. याला ते 'फटाके' म्हणतात. दिवाळी वर्षातून एकदा का येते, याचे मोल हे ऐकल्यावर कळते.

दुसरे बाजार घराणे. हे आकार बरोबर आणतात, चकाकी उत्तम असते, बोल्टसुद्धा जागच्या जागी बसतात. फक्त सूर लावायचा राहून जातो. नवा तंबोरा दुकानातून आणावा आणि खोळ काढून तसाच मैफलीत वाजवायला घ्यावा, अशी यांची गायकी. आमचे चिरंजीव या घराण्याचे.

तिसरे घराणे रियाझाचे. ते लहान आहे, वयस्क आहे, आणि त्याची माणसे बहुधा एखाद्या बोळाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये, काळ्या हातांनी चहा पीत असतात.

अशाच एका मिस्त्रींकडे मी चिरंजीवांबरोबर गेलो. समीक्षकाने ग्रीनरूममध्येही डोकवावे, या मताचा मी आहे. मिस्त्रींनी गाडीकडे पाहिले नाही. ती बोळात शिरली तेव्हाच त्यांनी हातातला कप खाली ठेवला होता.

"जेट कितीचं टाकलंस?"

"कुठलं जेट?" चिरंजीव म्हणाले.

"म्हणजे गळ्यातला मफलर काढलास, पण नाक चोंदलेलंच ठेवलंस!" मिस्त्री म्हणाले आणि पाना उचलला.

पुढचा दीड तास त्यांनी जे केले, त्याला वाजवणे म्हणता येणार नाही. इंजिन बहुतेक वेळ बंदच होते. आधी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला कुठे चीर आहे का, ते बोटांनी चाचपले. तिथून चोरून हवा शिरली, तर वरची सगळी मेहनत फुकट. जेट काढून पेट्रोलने धुतली, तोंडाने फुंकर मारली. चिरंजीवांनी मदत म्हणून तारेचा तुकडा पुढे केला, तो मिस्त्रींनी सापाचे पिल्लू टाकावे तसा लांब टाकला. "छिद्र केसभर मोठं झालं की जेटचा नंबर खोटा पडतो. माणूस खोटं बोललेलं चालतं, जेट नाही." मग दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडात एकेक बोट घालून त्यांनी चिरंजीवांना मूठ हळूहळू पिळायला सांगितले. मुठीतून निघालेली वायर पुढे तीन वाटांनी फुटते. दोन वाटा दोन कार्बोरेटरांकडे आणि तिसरी ऑईलच्या पंपाकडे. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलल्या पाहिजेत. मिस्त्री डोळे मिटून बसले होते. "डावी उशिरा उठते," ते म्हणाले. मी निरखून पाहिले. मला दोन्ही सारख्याच उठलेल्या दिसल्या. पण तंबोरा जुळवतानाही मला दोन्ही तारा तीन मिनिटे आधीच जुळल्यासारख्या वाटतात, त्यामुळे मी गप्प राहिलो.

शेवटी हवेचे स्क्रू. अलगद पूर्ण आवळून मग दीड वळसा सैल. ही झाली खुंटी. इंजिन सुरू केले आणि पाव वळसा इकडे, अर्धपाव तिकडे, हा मणका. एका ठिकाणी इंजिनाची धाप थांबली आणि ते शांतपणे बोलू लागले. खरे सांगतो, इतके दिवस जो नुसता गोंगाट होता, त्यात दोन वेगळे आवाज आहेत आणि ते आता एका सुरात आहेत, हे मला त्या बोळात प्रथम ऐकू आले.

मग मोठे जेट आधीपेक्षा मोठ्या नंबरचे घालून मिस्त्री स्वतः गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेले. मूठ पूर्ण पिळून काही अंतर गेले, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद केले, गाडी तशीच थांबवली आणि प्लग काढून पाहिला. बाजार घराण्याच्या तालमीतला जुना प्लग पांढराफटक होता. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, उष्णता फार. काळा आणि ओला, तर पेट्रोल जास्त. दोन वेळा जेट बदलल्यावर प्लगवर भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला. "हा रंग," मिस्त्री म्हणाले. त्या आठ मिलिमीटरच्या टोकाकडे ते अशा नजरेने पाहत होते, की माझ्याकडे त्या नजरेने पाहणारे माणूस आता या जगात उरलेले नाही.

"आणि पांढराच राहिला असता तर?" मी विचारले.

इथे मात्र मिस्त्री हसले नाहीत. घास कमी पडला, की टू-स्ट्रोक इंजिन आधी जोरात पळते. पोराला वाटते, गाडी खुलली. आत पिस्टन तापत असतो, फुगत असतो. कधी त्याच्या डोक्याला भोक पडते, कधी तो सिलिंडरात पकडतो. पकडला, की मागचे चाक जागच्या जागी थांबते, आणि तुम्ही त्या वेळी ऐंशीच्या वेगात असता. "म्हणून जुनी माणसं डाव्या हाताची दोन बोटं सारखी क्लचवर ठेवायची," ते म्हणाले. "बरं, इंजिन सांगत नाही असं नाही. आधी आतून किणकिण येते, बांगड्यांसारखी. पण यांच्या त्या ढोलात ती ऐकू कशी यायची?"

या एका वाक्यात मिस्त्री माझ्या अख्ख्या परीक्षणाच्या पुढे निघून गेले. मोठ्या आवाजाविरुद्ध आपण नेहमी शेजाऱ्यांच्या वतीने बोलतो. आजारी माणसे, परीक्षेची मुले, नुकतीच डोळा लागलेली बाळे. ते सगळे खरेच आहे. कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. आवाजाचे नियम मोडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. अधूनमधून आपल्या शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, त्याची छायाचित्रे छापून येतात आणि आपण सकाळचा चहा समाधानाने पितो. पण रोडरोलरने सायलेन्सर चपटा होतो, कान तयार होत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा सायलेन्सर येतो आणि कार्बोरेटर होता तिथेच, उपाशी. आवाजाचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक रस्त्यावरचा माणूस नसतो. त्या आवाजामुळे ज्याला स्वतःच्या इंजिनाची किणकिण ऐकू येत नाही, तो वर बसलेला पोरगा असतो.

शिवाय हा प्रश्न दिवसेंदिवस अवघडच होणार. पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू घेऊन येते, म्हणजे जुन्या कार्बोरेटरचा घास आपोआप पातळ होतो. शिवाय जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणजे सायलेन्सर न बदलणाऱ्या सज्जनालाही सूर पुन्हा लावून घेणे आले. उलट १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. तिथे इंधनाची पिचकारी असते आणि ती कधी, किती उडवायची हे एक चिमुकला संगणक ठरवतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला आणि तंबोऱ्यामागे बसणारे शिष्य कमी झाले, तशातली गत. सोय झाली, नाही कोण म्हणतो? पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत तोवर, डोळे मिटून "डावी उशिरा उठते" असे सांगणारा माणूसही लागणार आहे. आणि त्याच्या शेडमध्ये हाताखाली शिकायला एकही पोरगा नव्हता, हे मी निघताना पाहिले.

आता गुण-दोष. चिरंजीवांनी नळीवर जेवढे पैसे घातले, त्याच्या दहाव्या हिश्श्यात मिस्त्रींचे जेट, प्लग, रबर आणि मजुरी, सगळे बसले. तरी घासाघीस झाली ती मजुरीवर. हा दोष एकट्या चिरंजीवांचा नाही. गवयाच्या बिदागीची चर्चा सगळे करतात, तंबोरा लावणाऱ्याला चहावर भागवतात, ही आपली सामाजिक परंपरा आहे. नळीच्या शेपटीत जाळीची नळी आणि काचेची लोकर भरून आवाज बसवल्याशिवाय मिस्त्रींनी गाडी ताब्यात दिली नाही, ही या मैफलीतली सर्वांत उंच जागा. कायद्याच्या पुस्तकापुढे ही नळी तरीही परकीच, आणि हवालदाराने हटकले तर ते चिरंजीवांनी आणि हवालदारांनी पाहून घ्यावे. समीक्षकाने तिथे पडू नये.

राहता राहिले शेवटचे, वर्तमानपत्री पद्धतीचे वाक्य. राजदूत ३५० च्या या वादनाला डाव्या आणि उजव्या कार्बोरेटरने समर्थ साथ केली. तंबोऱ्यावर मिस्त्री होते. श्रोत्यांपैकी तळमजल्यावरचे दोन महिन्यांचे बाळ पहिल्या किकपासून गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत गाढ झोपून होते. गाण्याच्या मैफलीत याला कलावंताचा अपमान समजतात. इथे ती पहिल्या रांगेतून आलेली दाद समजावी.